सिस्टरांचे दोन शॉकॉब्सर

सिस्टरांनी मला खोली दिली ती माझी नखं बघून.

मी तेव्हा ग्रामसेवक म्हणून तोंडवलीच्या पलीकडच्या एका गावात बदलून आलो होतो. माझं घर कोल्हापूरकडचं. समुद्र मी सहलीत पाहिलेला, त्याच्या शेजारी राहायची वेळ पहिल्यांदाच आली होती. पंचायतीच्या शिपायानं मला माडांच्या बागेतल्या एका घरासमोर नेऊन उभं केलं. आतून साठीच्या पुढची, काटकुळी, पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली बाई आली. तिनं माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, बायको कधी येणार हेही विचारलं नाही.

"हात दाखवा," ती म्हणाली.

मी ज्योतिषाला दाखवतात तसे तळवे पुढे केले.

"उलटे."

तिनं वाकून माझी दहाही नखं नीट पाहिली आणि म्हणाली, "बरी आसत. राहूक येवा. भिंतीक खिळो मारूचो नाय."

नखं वाढलेली निघाली म्हणून माझ्या आधीच्या दोघांना खोली मिळाली नव्हती, हे मला नंतर कळलं. त्यातला एक बँकेत अधिकारी होता.

सिस्टर मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात तीस-बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या आणि सरळ गावी आल्या. गावात लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांचं खरं नाव मी मतदारयादीत वाचलं होतं, पण ते त्यांना शोभत नव्हतं, म्हणून इथंही लिहीत नाही.

त्या मुंबईत होत्या त्या काळात गावातल्या कुणाचंही ऑपरेशन निघालं की तो माणूस सिस्टरांच्या भरवशावर मुंबई गाठायचा. त्यामुळे गाव त्यांना आतून पाठ होतं. रस्त्यात कुणी भेटला की त्या चेहऱ्याआधी पोटाकडे बघत. सरपंचांना एकदा भर ग्रामसभेत त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाशीचो अपेंडिक्स काढलो तेवा मी थय होतंय. इतको बारीक माणूस, पण बोंब केदी मारल्यान!" सरपंच त्यानंतर त्या सभेत बोललेच नाहीत. पाणीपुरवठ्याचा ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला.

मासे घ्यायचे तरी त्या आधी हात धुवायच्या. कोपरापर्यंत. मग हात वर धरून, पाणी कोपरांवरून ठिबकू देत, मासळीच्या टोपलीपाशी यायच्या आणि बांगड्याचा कल्ला उघडून बघायच्या. "सिस्टर, आमी मासो विकतव, ऑपरेशन करणव नाय," असं एकदा मंदा म्हणाली. मंदा म्हणजे आमच्या आवाठातली, वाडीतली, मासे विकणारी बाई, बाबीची बायको. बाबीचं पुढं येईलच.

माझी आणि सिस्टरांची खरी ओळख झाली ती एका गळक्या नळामुळे. रविवारी सकाळी त्या नळाखाली बसल्या होत्या. मी सहज जाऊन उभा राहिलो. त्यांनी मागे न बघता उजवा हात बाजूला पसरला. मला वाटलं उठायला आधार हवाय, म्हणून मी हात धरला. त्यांनी झटकला.

"बारा नंबरचो पानो. हातात घाल. आपटून घाल, म्हणजे माका कळता."

मी पाना तळहातावर आपटला. त्यांनी काम केलं, पाना मागे दिला, पुन्हा हात पसरला. या वेळी काय हवंय ते सांगितलंच नाही. मी अंदाजानं पकड दिली. ती बरोबर निघाली.

"शिकतलंस," त्या म्हणाल्या. आणि मग हसून, "तीस वर्सां मी दुसऱ्याच्या हातात दिलंय रे. कापणारे ते, टाके घालणारे ते. आता माझ्या हातात कोणीतरी देवंदे."

त्या दिवसापासून लोकांसमोर मी "ओ ग्रामसेवक, तुमी" आणि काम करताना "रे, तू" झालो.

त्यांच्याकडे एक पिकअप होती. पुढे दोन रांगा बसायच्या, मागे सामानाचा हौदा, अशी. मूळची ती किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याची. त्यानं हौसेनं तिला पुढून उंच केली होती आणि परदेशातून मागवलेले जाडजूड शॉकॉब्सर लावले होते. शॉकॉब्सरच्या अंगावरच स्प्रिंग चढवलेली, लाल रंगाची. मग तो रोज पर्यटकांना घेऊन पुळणीवर, लाटांच्या फेसातून गाडी पळवायचा. खाऱ्या पाण्यानं दोन वर्षांत गाडीची हाडं खिळखिळी केली. त्यानं विकायला काढली आणि सिस्टरांनी घेतली.

गावाला नवल वाटलं. एकट्या बाईला पिकअप कशाला? सिस्टरांचं उत्तर ठरलेलं होतं. "सीट पलंगाच्या उंचीची आसा. कंबर मोडलेल्या माणसाक छोट्या गाडीत वाकून बसूक लागता. हेच्यात नुसता सरकूचा." वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या आणि गावातल्या अडल्यानडल्याला ओरोसच्या किंवा कणकवलीच्या दवाखान्यात नेऊ लागल्या. बाळंतिणी, म्हातारे, प्लास्टरवाले. स्टूल सोबत असायचं. स्टूलावरून सीटवर कसं सरकायचं याचा सराव त्या आधी घरात पलंगावर करून घ्यायच्या.

आता बाबी.

बाबी पंचेचाळिशीचा, होडीवर जाणारा, अंगानं दणकट. पावसाळ्याच्या तोंडावर होडी वर ओढताना दोर तुटला आणि होडी त्याच्या कमरेवर कलंडली. मणक्याचं ऑपरेशन झालं, आत सळ्या बसवल्या. डॉक्टर म्हणाले, नस तुटलेली नाही, दबलेली आहे, व्यायाम नेमानं झाला तर पाय परत येतील. पण व्यायाम शिकवणारी बाई ओरोसला, फक्त मंगळवारी. आणि मधला रस्ता असा, की धडधाकट माणसाचीही जीभ दाताखाली यायची.

बाबी तीनदा गेला. पहिल्यांदा रुग्णवाहिकेतून, मग दोनदा सिस्टरांच्या पिकअपमधून. पिकअपचे ते शौकीन शॉकॉब्सर तोवर मेले होते. एका खड्ड्यात गाडी गेली की पुढचे चार खड्डे ती नुसती हिंदकळत राही. रस्त्याखालून ओढा जातो त्या मोरीपाशी एक मोठा खड्डा होता, तिथं बाबी गुरासारखा ओरडायचा. तिसऱ्या खेपेनंतर त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

"सिस्टर, माका हयच मरांदे," तो म्हणाला. "पण त्या रस्त्यार परत घालू नकात."

एक मंगळवार गेला. दुसरा गेला. मंदा पंचायतीत आली. तिच्या हाताला मासळीचा वास होता आणि ती माझ्या टेबलासमोर उभीच राहिली.

"रस्तो कदी करतलास?"

मी म्हणालो, "रस्ता आमच्या पंचायतीचा नाही, मंदाताई. वर प्रस्ताव पाठवलाय."

"प्रस्तावार माझो घोव चलतलो?"

मी कागद सारखे करत बसलो. ती गेल्यावर शिपायानं माझ्यापुढे न मागता चहा ठेवला.

संध्याकाळी घरी आलो तर सिस्टर पिकअपच्या पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. लाल रंग उडालेल्या शॉकॉब्सरवर काळं तेल ओघळलं होतं. त्यांनी बोटानं ते पुसलं, वास घेतला.

"गळताहा," त्या म्हणाल्या. "आतला तेल गेला, हवा गेली. मगे तो धक्को कसो धरतलो?"

मी मंदाचं सांगितलं. खरं तर मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं, की यात तुझा काही दोष नाही.

"रस्तो तुझ्यान होवचो नाय, ता माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "तू एकटो काय करतलंस? पण गाडी माझी आसा. गाडी बरी करूक कोणाची सही लागणा नाय."

आधी आम्ही कणकवलीच्या एका गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिक भला माणूस होता. खाली वाकून बघितलं आणि मान हलवली. "सिस्टर, ह्या भायरचा सामान. ह्या हय कोण उघडना नाय. फेकून देवा." साधे शॉकॉब्सर बसवायचे तर हॉटेलवाल्यानं बदललेली पुढची सगळी जोडणी मूळपदावर आणावी लागणार, त्याचं सामान मागवावं लागणार, गाडी दोन महिने अडकणार.

"माणूस उघडता," सिस्टर म्हणाल्या. "मगे ह्या कित्या उघडूचा नाय?"

मेकॅनिकनं स्प्रिंग दाबून धरायची अवजारं मात्र वापरायला दिली, आणि बजावलं, की स्प्रिंग सुटली तर तोंड फोडेल. सिस्टरांनी ती घेतलीच, शिवाय घरी आल्यावर प्रत्येक स्प्रिंगला होडीचा जाड नायलॉनचा दोर चार ठिकाणी आवळून बांधला. "सुटलीच तर हयच रवांदे," म्हणाल्या.

शॉकॉब्सर कसा उघडतात हे त्या मोबाइलवर बघायच्या. कुणीतरी परदेशी माणूस आपल्या गॅरेजमध्ये तो खोलून दाखवत होता. सिस्टर आवाज बंद करून बघायच्या. मी म्हटलं, "तो काय सांगतोय ते ऐकूया तरी." त्या म्हणाल्या, "तोंड खोटा बोलता. हात बग. हात अडलो की समज, थय काम कठीण आसा." एकच चित्रफीत त्यांनी बावीस-पंचवीस वेळा पाहिली असेल. एका जागी त्या माणसाचा हात क्षणभर थांबायचा. तिथं दर वेळी त्या म्हणायच्या, "ह्या बग. घाबारलो."

पडवी त्यांनी तीनदा पुसून घेतली. पंखा बंद. कोंबड्या मागच्या अंगणात. मेजावर उकळून वाळवलेलं हिरवं कापड, त्यावर पाने, पकडी, चिमटे ओळीनं. बाजूला मुलांची पाटी. पाटीवर जे जे बाहेर येईल ते लिहायचं. मी हात धुऊन उभा राहिलो. नखं त्यांनी पुन्हा बघितली.

हवा आधी सोडली. आतल्या गॅसनं शेवटचा उसासा टाकला. स्प्रिंग उतरवली, वरची तारेची कडी काढली, आणि सिस्टरांनी दांडा हळूहळू वर ओढला. काळं, घाण, जळकट वासाचं तेल बाहेर आलं. त्यात वाळूचे बारीक कण होते.

"पू आसा," त्या शांतपणे म्हणाल्या.

दांड्याच्या टोकाला पिस्टन, आणि पिस्टनच्या दोन्ही अंगांना पातळ, कागदासारख्या पोलादी चकत्या, लहानमोठ्या. खड्डा आला की तेल या चकत्यांना वाकवून पलीकडे जातं आणि तेवढ्यात धक्का मरतो. चकत्या किती आणि कुठल्या क्रमानं, यावरच सगळा खेळ. एकेका शॉकॉब्सरमध्ये अठरा. सिस्टरांनी पाटीवर लिहिलं, डावो १८, उजवो १८.

दांडा बरा आहे की नाही हे त्यांनी ज्या रीतीनं तपासलं ती मी कुठल्याच चित्रफितीत पाहिली नाही. त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि दांड्यावरून अलगद फिरवला. डावा दांडा साफ निघाला. उजव्यावर एका जागी कापसाचा धागा अडकला. डोळ्यांना तिथं काही दिसत नव्हतं. "खाऱ्या पाण्यान खाल्ल्यान," त्या म्हणाल्या. "हय सील फाटतला." मग तीन दुपारी त्या अगदी बारीक पॉलिश पेपरला तेल लावून तेवढी एकच जागा घासत बसल्या. दर थोड्या वेळानं कापूस. चौथ्या दिवशी कापूस न अडकता गेला, तेव्हा त्यांनी मला बोलावून तोच बोळा माझ्या हातात दिला. "तूच फिरव."

सील इथं मिळण्यासारखे नव्हते. शनिवारी मी घरी गेलो तेव्हा त्यांनी जुने सील दोन बाटल्यांत घालून दिले. लघवी तपासायला देतात त्या बाटल्या. वर चिकटपट्टी, डावो, उजवो, तारीख. कोल्हापुरात ऊसतोडणी यंत्रांचे सील विकणारा एक दुकानदार आहे. त्याच्यापुढे मी त्या बाटल्या ठेवल्या तेव्हा तो मागे सरकला. पण मापं घेऊन त्यानं हुबेहूब तसेच सील काढून दिले. गॅसची अडचण बर्फाच्या कारखान्यातल्या मेस्त्रीनं सोडवली. बर्फ करणाऱ्या यंत्राच्या नळ्या गळतात का बघायला त्याच्याकडे नायट्रोजनची टाकी असतेच. हाच गॅस शॉकॉब्सरमध्ये लागतो.

डावा शॉकॉब्सर रविवारी बंद झाला. नवं तेल भरलं, दांडा खालीवर करून बुडबुडे काढले. सिस्टर नळीवर नखानं टिचक्या मारत होत्या, इंजेक्शन भरताना मारतात तशा. मेस्त्रीनं गॅस भरला. मी गाडीखाली शिरून तो बसवला. दोन तास लागले. कोपरं सोलली, पण शेवटचा नट आवळला तेव्हा मला पंचायतीत कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

सोमवारी उजवा. बाबीला आम्ही सांगून ठेवलं होतं, उद्या मंगळवारी न्यायचं. तो हो म्हणाला नव्हता, पण या वेळी नाहीही म्हणाला नव्हता. मंदानं सांगितलं, की त्याचे पाय बघवत नाहीत इतके बारीक झालेत.

सिस्टर चकत्या पिस्टनवर चढवत होत्या, मी एकेक हातात देत होतो. शेवटची दिली आणि त्यांनी पुन्हा हात पसरला.

"संपल्या," मी म्हणालो.

"सतरा झाल्यो."

त्यांनी सगळ्या उतरवल्या, पुन्हा मोजल्या. सतरा. हिरवं कापड झटकलं. मेजाखाली, फरशीच्या सांध्यात, माझ्या बाह्यांत शोधलं. चुंबक फिरवला. दुपारचे दोन वाजले.

"सिस्टर," मी म्हणालो, "कागदाएवढी चकती. एकीनं असा काय फरक पडणार आहे? उद्या मंगळवार आहे. उद्या चुकला तर बाबी पुन्हा तयार होणार नाही."

मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत पुसत बोलू लागल्या.

"मी नवीन होतंय. बावीस-तेवीस वर्सांची. एका बायचा ऑपरेशन. शेवटाक मोजल्यार एक गॉज, रगत टिपूचो कपडो, कमी. मी म्हटलंय, डॉक्टर, एक कमी आसा. डॉक्टर मोठो माणूस, घायत होतो. म्हणालो, तू मोजताना चुकलंस. सुई दे." त्यांनी दुसरी काच पुसायला घेतली. "आणि मी सुई दिलंय."

मी हातातला चुंबक खाली ठेवला.

"दीड महिन्यान ती बाय परत इली. तापान फणफणलेली. गॉज आतच होतो. परत उघडली, वाचली. पण लहान पोर घरात टाकून दोन महिने ती फुकट खाटेर पडली. माका कोणी एक शब्द बोलाक नाय. डॉक्टराकव नाय. कागदार सगळा बरोबर होता." त्यांनी चष्मा घातला. "तेच्यानंतर मोजणी जुळल्याशिवाय मी सुई कोणाक देवक नाय. मोठे मोठे ओरडले. ओरडांदेत."

मग त्या उठल्या आणि अंगणातल्या पिकअपकडे बघितलं. मला कळलं.

"डाव्यात गेली असतली," त्या म्हणाल्या. "दोन चकत्यो तेलान चिकाटल्यो की एक दिसता. काढ."

आदल्या दिवशी दोन तास खपून बसवलेला शॉकॉब्सर मी पुन्हा उतरवला. मेस्त्रीनं भरलेला गॅस सोडून दिला. नवं तेल भांड्यात ओतलं. सिस्टरांनी पिस्टन बाहेर काढला आणि एकेक चकती अंगठ्याच्या नखानं चाचपत गेल्या. सातवीपाशी नख अडलं. त्यांनी ते हळूच आत सरकवलं आणि एका चकतीच्या दोन झाल्या.

एकोणीस.

"ही घालून बंद केलंव असता," त्या म्हणाल्या, "तर डावी बाजू घट, उजवी ढिली. खड्ड्यात गाडी वाकडी झाली असती. आणि बाबी खंय बसता? डाव्येक."

मी मान खाली घातली. त्यांनी ती चकती माझ्या हातावर ठेवली. "तुका बोलणय नाय रे. तुझ्या वयाची असताना मीय तसाच केलंय."

दिवेलागणीपर्यंत दोन्ही शॉकॉब्सर पुन्हा बंद झाले, पाटीवर अठरा आणि अठरा. मेस्त्रीला निरोप गेला. मंगळवारी सकाळी सात वाजता तो टाकी स्कूटरवर बांधून हजर झाला. हात आता बसला होता, नऊपर्यंत दोन्ही गाडीवर चढले. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कडक होते, ते जरा मऊ व्हावेत म्हणून हौद्यात आम्ही काथ्याच्या चटईवर आठ चिरे रचले. मग सिस्टरांनी मला बाबीच्या सीटवर बसवलं आणि डोळे मिटायला लावले.

"खंय लागला ता सांग. शूर होव नको. खरा सांग."

मोरीपर्यंत जाऊन आलो. परत येऊन त्यांनी स्प्रिंगखालची कडी दोन फेरे सैल केली. पुन्हा गेलो. या वेळी मी म्हणालो, "कुठंच नाही."

साडेनऊला बाबीला आणलं. चौघांनी उचलून स्टूलावर, स्टूलावरून सीटवर. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मंदा आणि मी मागे बसलो. त्यानं दारावरचा धरायचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, डोळे मिटले आणि दात आवळले. सिस्टरांनी गाडी सोडली. मंदानं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

मोरी आली. गाडीचं नाक खाली गेलं, वर आलं, आणि थांबलं. हिंदकळली नाही. एकदाच खाली, एकदाच वर, बस्स. मी बाबीच्या मानेकडे बघत होतो. ती तशीच ताठ होती, पुढच्या धक्क्याची वाट बघत.

थोड्या वेळानं त्यानं एक डोळा उघडला.

"मोरयेकडचो खड्डो खंय गेलो?"

"पाठी," सिस्टर म्हणाल्या.

"पाठी गेलो?"

"गेलो."

त्यानं एक हात दांड्यावरून काढला. जरा पुढे गेल्यावर दुसरा. हायवे लागायच्या आधी त्याची मान खिडकीकडे कलली, तेव्हा मंदा घाबरून पुढे वाकली. बाबी झोपला होता. तोंड उघडं टाकून, घोरत. दोन महिन्यांत तो दिवसा असा झोपला नव्हता, असं मंदा पुढे कितीतरी जणांना सांगत असे.

ओरोसला दवाखान्याच्या आवारात सिस्टरांनी गाडी झाडाच्या सावलीला लावली आणि इंजिन बंद केलं. वेळ होत आली होती, पण त्यांनी बाबीला उठवलं नाही. दहा मिनिटं त्या त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत बसल्या.

व्यायामाच्या बाईंनी बाबीचे पाय हलवून बघितले. मागच्या खेपांना तो हात लावू देत नव्हता. या वेळी तो गप्प पडून, त्या सांगतील तसा जोर लावत होता. त्या आश्चर्यानं सिस्टरांकडे वळल्या. "आज येताना दुखण्यावर काय दिलंत यांना?"

दवाखान्यात शिरलं की सिस्टरांची भाषा बदलायची, ताठ मुंबईची व्हायची. "काही नाही," त्या म्हणाल्या. "गाडीचं तेल बदललं."

त्यानंतर बाबीचा एकही मंगळवार चुकला नाही. आधी उजव्या पायाचा अंगठा हलला. तो पाहायला निम्मं आवाठ जमलं होतं, आणि बाबी मागेल त्याला अंगठा हलवून दाखवत होता. मग वॉकर आला, मग काठी. डावं पाऊल अजून ओढतं आणि ओढत राहील, असं डॉक्टर म्हणतात. होडीवर तो आता जात नाही. भाऊ जातो, बाबी किनाऱ्यावर जाळी विणतो आणि भावाला शिव्या घालतो.

सिस्टरांची ख्याती पसरायला वेळ लागला नाही. कणकवलीचा तो मेकॅनिक एके दिवशी स्वतः दोन शॉकॉब्सर घेऊन आला आणि पडवीच्या पायरीवर बूट काढून उभा राहिला. सिस्टर म्हणाल्या, "हात दाखव." त्याची नखं काळी होती. त्याला ब्रश आणि साबण देऊन विहिरीवर पाठवलं. आता तो महिन्यातून एकदा शिकायला येतो, असं ऐकतो. माझी बदली होऊन तीन वर्षं झाली. रस्ताही झाला आहे म्हणे, निम्मा. माझ्या नव्या पंचायतीत कुणी समोर येऊन उभं राहिलं, की मी प्रस्तावाचं सांगतो, सांगावंच लागतं. पण आता तेवढं सांगून त्यांना वाटेला लावत नाही. आपल्या हातात काय आहे ते आधी बघतो.

मी तिथं असतानाचा शेवटचा मंगळवार मला नीट आठवतो. ओरोसहून परत आलो, गाडी बाबीच्या कुंपणाच्या बेड्यापाशी थांबली. मी नेहमीसारखं स्टूल घेऊन पुढे गेलो. बाबीनं काठीनं ते बाजूला सारलं.

"नको," तो म्हणाला. "आणि कोणी धरू नकात."

त्यानं दार धरलं, चांगला पाय आधी खाली सोडला, मग दुसरा. क्षणभर डुलला. मंदाचा हात पुढे गेला आणि तिनंच तो मागे घेतला. मग दार सोडून, काठी टेकत, तो अंगणातल्या खळ्यातून घराकडे चालू लागला. एकटा.

सिस्टर दिसेनात म्हणून मी गाडीला वळसा घातला. त्या पलीकडच्या चाकापाशी खाली बसून आत डोकावत होत्या. मला वाटलं, पुन्हा गळती लागली. मी वाकून बघितलं. दांडा चकचकीत होता, सील कोरडा ठणठणीत. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"पोचलो?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दोन पावलं राहिली."

"मगे थांब," त्या म्हणाल्या. "पोचलो की सांग."